मॉरीनने निवडलेला माणूस

कॅसिमिर तुस्कानो वसईहून मेलबर्नला आले ते तीन महिन्यांसाठी. २०२०चा फेब्रुवारी महिना. लेक ॲबिगेलला मुलगी झाली होती आणि जावई ॲशलीची रजा संपत आली होती. पत्नी फिलोमिनाने बाळंतिणीसाठी बांधून आणलेले हळीव आणि सुंठ विमानतळावरच काढून घेतले गेले, त्यावरून ती आठवडाभर धुमसत होती. तिचा राग शांत होतो न होतो तोच सीमा बंद झाल्या, विमानं थांबली आणि तीन महिन्यांचे किती होणार ते कुणालाच सांगता येईना.

घर ग्लेन वेव्हर्लीत, मागे छोटं अंगण, अंगणाला लाकडी कुंपण. कुंपणापलीकडे मॉरीन ॲकरॉइड राहायची. वय जवळजवळ ऐंशी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मूळची इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डची. उमेदीच्या काळात मेलबर्नच्या ट्रॅमवर कंडक्टर होती, युनियनमध्येही होती, आणि आवाज अजून तसाच होता.

पहिली ओळख फुग्यांवरून झाली. ईस्टरला फिलोमिनाने फुगे, म्हणजे वसईकडचे मैद्याचे गोड गोळे, तळले, खोलगट ताटलीत भरले आणि कॅसिमिरना म्हणाली, "त्या म्हातारीला देऊन या. एकटी असते."

कॅसिमिरनी ताटली कुंपणावरून दिली आणि सदिच्छा म्हणून सांगितलं, "तुमच्या राणीचं परवाचं भाषण फार छान झालं हो."

"माझी राणी?" मॉरीनने एक फुगा तोंडात टाकला. "माझी कशी? मी काय तिला मत दिलं होतं?"

कॅसिमिरना धक्काच बसला. ते पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर पहाटे उठून रेडिओवर बीबीसी ऐकलेली. ब्रिटनची पार्लमेंट, तिथला सभापती, विरोधी पक्षाचा मान, यावर ते तासभर बोलू शकत. ॲबिगेल म्हणायची, "पपा, त्यांनी दीडशे वर्षं आपल्याला लुटलं." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "लुटलं, हे खरंच आहे. पण अर्नाळ्याच्या लाल पेटीत टाकलेलं पाकीट कुणाच्या ओळखीशिवाय नागपूरला पोचतं ना, ती व्यवस्था कुणी लावली?"

हेच त्यांनी मॉरीनलाही ऐकवलं. तिने तोवर कॅसिमिरचं कॅझ करून टाकलं होतं.

"टपाल राणी पोचवते का?" मॉरीन म्हणाली. "पोस्टमन पोचवतो. पाय त्याचे दुखतात. आणि कॅझ, तिथलं टपालही विकून टाकलंय आता. ट्रेन विकल्या, पाणी विकलं. राहता राहिलं सरकारी हॉस्पिटल. तेवढं एक काय ते त्या देशाने चांगलं केलं."

"विकलं?" कॅसिमिर खरोखरच हळहळले. "पोस्ट कुणी विकतं का?"

तेव्हापासून रोज दुपारी कुंपणाशी सभा भरू लागली. कॅसिमिर प्लॅस्टिकच्या स्टुलावर, मॉरीन पलीकडे दुधाच्या क्रेटवर. इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळं नसतं. तरी कॅसिमिर मनातल्या मनात तिला कायम तुम्हीच म्हणायचे, आणि मॉरीन त्यांना अगदी पहिल्या दिवसापासून तू म्हणत असावी, अशी त्यांची खात्री होती. विषय सुटत नसत. राणी, पार्लमेंट, बीबीसी, क्रिकेट, पुन्हा राणी. एकदा कॅसिमिरनी सांगितलं, "एकसष्ट साली राणी मुंबईला आली होती. वडिलांनी मला खांद्यावर घेतलं. तेरा वर्षांचा घोडा मी! पण घेतलं. तिने हात हलवला."

"आमच्या शाळेने आम्हाला पावसात उभं केलं होतं," मॉरीन म्हणाली. "गाडी भुर्रकन गेली. मला एक हातमोजा दिसला. नंतर न्यूमोनिया झाला."

फिलोमिना स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे ऐकायची. तिला यातलं काहीच पटत नसे, पण नवरा दुपारी घरात पायात पायात येत नाही, एवढ्यावर ती खूश होती.

तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैत, मेलबर्नमध्ये कोविडचे रुग्ण वाढले आणि कडक लॉकडाउन लागला. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, कुणाच्या घरी जायचं नाही. सप्टेंबरमध्ये सरकारने एकट्या राहणाऱ्यांना थोडी सवलत दिली. अशा माणसाने कुणी एक जण निवडायचा आणि फक्त त्यालाच घरी बोलवायचं. याला म्हणायचं बबल.

दुसऱ्या दिवशी मॉरीन कुंपणाशी आली. "कॅझ, मी तुला निवडलंय."

"मला? तुमच्या इतक्या मैत्रिणी आहेत ना?"

"त्या माझ्या प्रत्येक बोलण्याला हो म्हणतात. कंटाळा येतो."

ॲबिगेल आणि ॲशली पोट धरून हसले. फिलोमिना म्हणाली, "या वयात परक्या बाईच्या घरी एकटे जाणार? वसईत कळलं तर काय म्हणतील लोक!" पण दुपारी तिनेच त्यांचा शर्ट इस्त्री करून ठेवला आणि मास्कची दोरी कानामागे नीट बसवून दिली.

मॉरीनच्या घरात उजेड कमी आणि पुस्तकं जास्त होती. ती मगमध्ये चहा द्यायची, कडक, जेमतेम दूध घातलेला. साखर मागितली की म्हणायची, "ती सोडलीस तरच चव कळेल." कॅसिमिर मुकाट प्यायचे.

ऑक्टोबरात तिच्याकडे टपालाने कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीची मतपत्रिका आली. पाकिटातून आलेली निवडणूक पाहून कॅसिमिर हरखले. त्यांनी पाकीट उलटंसुलटं करून तिकीट, शिक्का सगळं तपासलं. मग सहज म्हणाले, "म्हणजे तुम्ही इथल्या नागरिक."

"नाही."

"मग मत कसं?"

"चौऱ्याऐंशीच्या आधीपासून जे ब्रिटिश प्रजाजन इथल्या यादीत होते, त्यांचा हक्क तसाच राहिला. नागरिकत्व घ्यायची गरज पडली नाही."

कॅसिमिरनी चहाचा मग खाली ठेवला. "ब्रिटिश प्रजाजन! म्हणजे तुम्ही राणीला शिव्या देता आणि मत देता ते राणीची प्रजा म्हणून? माझ्या ॲबिगेलला परीक्षा द्यावी लागली, मॉरीन. ती रात्रभर पाठ करत बसली होती."

एरवी मॉरीनने ताबडतोब प्रतिहल्ला केला असता. आज ती खिडकीकडे वळली. तिथूनच म्हणाली, "आम्ही आलो तेव्हा दहा पाउंडांत बोटीने आणायचे. अट एकच, दोन वर्षं राहायचं. मी आईला सांगून निघाले, दोन वर्षांनी येते." मग हसली. "इथलं नागरिकत्व घेतलं असतं तर आईला सांगितलेलं ते खोटं ठरलं असतं ना."

कॅसिमिरनी खाली ठेवलेला मग उचलून उरलेला कडू चहा संपवला.

त्याच आठवड्यात ब्रॅडफर्डहून मॉरीनच्या भाचीचा फोन आला. मॉरीनचा धाकटा भाऊ केन हॉस्पिटलमध्ये होता. कोविड. ऑक्सिजन चालू होता, शुद्ध होती. उद्या संध्याकाळी, तिथल्या सकाळी, नर्स टॅब्लेट हातात धरेल, व्हिडिओवर बोलता येईल.

"मी बोलणार नाही," मॉरीनने कॅसिमिरना सांगितलं.

तेव्हा सगळी हकिकत बाहेर आली. चार वर्षांपूर्वी ब्रिटनने जनमत घेऊन युरोपातून बाहेर पडायचं ठरवलं, त्या दिवशी केनने फोन केला होता. आनंदाने ओरडत होता, आपला देश आपल्याला परत मिळाला, आता बाहेरच्यांची भरती थांबेल. मॉरीनने विचारलं, "मीही दुसऱ्याच्या देशात येऊन राहिलेय. मी कुणाचा देश पळवला?" आणि फोन ठेवला. तो शेवटचा.

"त्याने कुठल्या बाजूने मत दिलं ते तुम्हाला सांगितलंच कशाला?" कॅसिमिर कळवळून म्हणाले. "मतदान गुप्त असतं. एवढी चांगली पद्धत लोकांनी झगडून मिळवली, ती कशासाठी? बहीणभावांनी एका टेबलावर जेवता यावं म्हणूनच ना!"

मॉरीनला रडता रडता हसू फुटलं. "हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"कुठल्याच नाही. माझं मत आहे." मग ते हळू आवाजात म्हणाले, "तो आज बोलू शकतोय. तुम्ही बरोबर आहात हे त्याला पुढच्या महिन्यात पटवा."

दुसऱ्या दिवशी ते ॲबिगेलचा लॅपटॉप घेऊन आले. काय कुठे दाबायचं ते ॲशलीने त्यांच्याकडून चारदा करून घेतलं होतं. पडद्यावर आधी छत दिसलं, मग निळा गणवेश, मग नाकाला नळी लावलेला म्हातारा.

"मो?" तो म्हणाला.

"केनी," मॉरीन म्हणाली. कॅसिमिर मागे सरकून पुस्तकांच्या कपाटाकडे बघत उभे राहिले.

"दाढी का नाही केलीस?" तिने विचारलं.

"मला वाटलं तू येणार नाहीस. मग कुणासाठी करू?" दम लागून तो थांबला. "ही लिसी. ही पोरगी रात्रभर बसून होती. नाहीतर मी गेलो होतो."

नर्सने वाकून हात हलवला आणि "हॅलो, मॉरीन" म्हटलं. कॅसिमिरनी तिचे दोन शब्द ऐकले आणि न राहवून पुढे आले. "केरळच्या का?"

"हो अंकल, कोट्टायम," ती हसली.

मॉरीनने भावाकडे पाहिलं. बाहेरच्यांच्या भरतीविषयीचं सगळं तिच्या ओठांवर आलेलं कॅसिमिरना दिसत होतं. चार वर्षं साठवलेलं वाक्य आणि समोर आयती संधी. तिने ओठ मिटले. "थँक्यू, लिसी," एवढंच ती म्हणाली.

"तुझ्यामागे कोण आहे?" केनने विचारलं.

"माझा बबल. कॅझ. इंडियाचा. राणीचा भक्त आहे, तुझ्यापेक्षा वाईट."

केनचे डोळे चमकले. "अखेर तुझ्या घरात एक तरी शहाणा माणूस आला!"

"नमस्कार," कॅसिमिर म्हणाले, आणि प्रामाणिक माणूस असल्यामुळे पुढे बोलून गेले, "पण युरोपातून बाहेर पडलात ती मात्र चूक झाली तुमची."

"तुला कुणी विचारलं?" केन खोकत खोकत हसला. लिसीने टॅब्लेट बाजूला घेऊन म्हटलं, आता पुरे, त्यांना विश्रांती हवी. पडदा काळा झाला तेव्हा मॉरीन टेबलावर डोकं टेकून हुंदके देत होती. कॅसिमिरनी स्वतः आत जाऊन चहा केला. दोघांच्याही मगात दोन दोन चमचे साखर घातली, आणि ती तो चहा तक्रार न करता प्यायली.

केन वाचला. पंधरवड्याने घरी आला, जिना चढता येत नाही म्हणून खालच्या खोलीत झोपू लागला. ताकद आल्याबरोबर त्याने फोनवर, ब्रिटनच्या समुद्रातले मासे युरोपने किती पकडायचे या कोट्यावरून, बहिणीशी भांडण काढलं. फोन मात्र कुणी आपटला नाही. बोलणं फार वाढलं की मॉरीन म्हणायची, "थांब, कॅझला विचारते," आणि कॅसिमिर आपली बाजू मांडून दोघांनाही नाराज करायचे.

ऑक्टोबर संपता संपता लॉकडाउन उठला. आता मॉरीन इतरांनाही घरी बोलवू शकत होती. पहिल्याच रविवारी ती कुंपणाशी येऊन म्हणाली, "कॅझ, आज बायकोलाही आण. इतके महिने तिच्या हातचं खातेय, अजून तिचं मत ऐकलेलं नाही."

फिलोमिना नवी साडी नेसून, नातीला कडेवर घेऊन गेली. मॉरीन आणि कॅसिमिर नेहमीप्रमाणे राणीवर आले. राजघराणं हवं की नको, खर्च किती, उपयोग काय. फिलोमिना नातीला बिस्किट भरवत ऐकत होती. तिचं इंग्रजी मोजकं होतं. मध्येच तिने विचारलं, "राणीचं वय काय?"

"चौऱ्याण्णव," कॅसिमिर म्हणाले.

"आणि अजून कामावर जाते? घरात मुलं, नातवंडं, एवढी माणसं असून?" फिलोमिनाचा चेहरा खरोखर कळवळला. "कुणी तिला घरी बस का म्हणत नाही?"

मॉरीनने चहाचा मग दोन्ही हातांत धरला.

"कामाला चुकली नाही कधी," ती अखेर म्हणाली. "एवढं मात्र त्या बाईचं म्हणायला हवं."

कॅसिमिरना केवढा आनंद झाला! पण फिलोमिनाने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय ठेवला. त्यांनी नुसती बिस्किटांची ताटली मॉरीनपुढे सरकवली, आणि नात लगेच त्यातल्या सगळ्यात मोठ्या बिस्किटाकडे झेपावली.