शिफारसपत्र, सरांच्या सहीचं

माझी ताई डॉक्टर आहे, पण सर्दी झाली तर तिला विचारू नका. ती पीएचडीवाली. सध्या विद्यापीठात पोस्टडॉक, म्हणजे करारावर संशोधन. पेशींच्या हजारो फोटोंमधून रोगट पेशी हुडकणारा प्रोग्रॅम तिने लिहिलाय. करार महिनाअखेरीला संपतोय आणि दुसऱ्या विद्यापीठातल्या जागेसाठी अर्ज आज पाचपर्यंतच. बाकी सगळं भरून झालं होतं. घोडं अडलं होतं तिच्या लॅबच्या सरांच्या शिफारसपत्रापाशी.

मी शाळेतून आले तेव्हा पावणेचार वाजले होते. ताई लॅपटॉपसमोर कपाळाला हात लावून बसलेली.

"सर म्हणतात, तूच लिही, मी सही करतो."

"स्वतःचं कौतुक स्वतःच?"

"असंच चालतं गं सगळीकडे."

वा रे वा! मी प्रगतिपुस्तकावर बाबांची सही केली तर थेट मुख्याध्यापकांसमोर वरात, आणि इथे राजरोस! मी स्क्रीनवर वाकले. 'वक्तशीर, मनमिळाऊ, कामसू.'

"ताई, हे शिफारसपत्र आहे की स्थळाची माहिती? सरक."

मी धडाधड टाइप करत सुटले. तेवढ्यात सरांची मेल आली: 'नमुना म्हणून हे बघ. गेल्या आठवड्यात दिलंय.' ते पत्र होतं चष्मिसचं. चष्मिस म्हणजे ताईच्या शेजारच्या टेबलवरचा, याच जागेसाठी अर्ज करणारा. तिसरी ओळ: 'पेशी ओळखणारा प्रोग्रॅम यांनी विकसित केला.'

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं, त्याने फक्त फोटो गोळा केले!"

"सरांना फोन लाव."

"दुपारपासून तीनदा लावला. उचलत नाहीत."

आई दारातून म्हणाली, "महिनाभर गोड बोल बाई. सही त्यांच्याच हातात आहे."

ताईने मान डोलावली आणि टाइप केलं, 'प्रोग्रॅममध्ये यांचाही सहभाग होता.'

माझं डोकंच फिरलं. "कोणी लिहिला तो? एका शब्दात सांग."

"मी."

"मग?"

तिने ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'हा प्रोग्रॅम यांनी एकटीने लिहिला आहे.' पावणेपाचला पत्र गेलं. आम्ही तिघी श्वास रोखून बसलो. चौथ्याच मिनिटाला उत्तर. सही झालेली!

"सरांनी मान्य केलं!" मी टुणकन उडीच मारली.

ताई हसली नाही. तिने बोट ठेवलं ते सहीच्या अगदी वर. तिथे मी घाईत ठेवलेली ओळ जशीच्या तशी होती: 'इथे सरांनी स्वतःचं मत लिहावं.'

त्यांनी वाचलंच नव्हतं.

"म्हणजे चष्मिसचंही असंच," ताई म्हणाली. "त्याने लिहिलं, सरांनी सही ठोकली. खरं काय ते कुणी विचारलंच नाही."

चार बावन्न. तिने ती ओळ काढून पत्र पुन्हा पाठवलं. दोन मिनिटांत पुन्हा सही. मग तिने प्रोग्रॅममधल्या प्रत्येक बदलाची यादी अर्जाला जोडली, दोन वर्षांची, तारीखवार, प्रत्येक ओळीपुढे तिचं नाव. चार अठ्ठावन्नला बटण दाबलं. 'अर्ज मिळाला.'

"निवड समिती तरी वाचते ना गं?" मी विचारलं.

ताई स्क्रीनकडेच बघत राहिली. "जोडलंय तर खरं," ती म्हणाली. "उघडलं म्हणजे मिळवली."