ग्राफिक्स कार्ड आणि सासूबाईंची कंबर

आमचा कुम तिहोमिर दातांचा डॉक्टर आहे, त्यामुळे त्याने जोडलेल्या कॉम्प्युटरला नावं ठेवणं दुहेरी अवघड. एक तर तो कुम, म्हणजे माझ्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला माणूस (तोही मला कुमच म्हणतो), आणि आमच्याकडे कुमाच्या शब्दावर शब्द चढवत नाहीत. दुसरं म्हणजे माझ्या खालच्या दाढेचं काम त्याच्याकडे अर्धवट पडलं आहे.

सुटीच्या दिवशी तो हौसेने कॉम्प्युटर जोडतो. हा त्याने माझ्या बायकोसाठी, बिसेर्कासाठी जोडला. बिसेर्का स्वयंपाकघरांचे आराखडे काढते. इथे सर्बियात, क्रागुयेवाचमधल्या एका फर्निचरच्या दुकानात तिने बरीच वर्षं काढली. गिऱ्हाईक गेल्यावर मालक आराखडा बदलायचा आणि कपाट भिंतीत मावलं नाही की हिच्या नावाने ओरडायचा. जूनमध्ये तिने राजीनामा दिला. मालक सगळ्यांसमोर म्हणाला, "पानगळीपर्यंत येईल परत. तिची खुर्ची तेवढी झाकून ठेवा, धूळ बसायला नको."

त्यानंतर ऑस्ट्रियातल्या ग्राट्‌सच्या एका कपाटवाल्या कंपनीने तिला कसोटीचं काम दिलं. एका स्वयंपाकघराची चालती फिल्म करायची, म्हणजे दारातून आत शिरायचं, खण उघडायचे, सिंकपाशी वळायचं. शुक्रवारी दुपारपर्यंत पाठवायची. आवडली तर घरबसल्या कायमचं काम, नाही आवडली तर झाकलेली खुर्ची होतीच.

कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत ठेवला, कारण मोकळा कोपरा तेवढाच होता. डबा जमिनीवर, सोफ्याच्या टोकाशी. सोफ्याचं ते टोक माझ्या सासूबाईंचं, राडोयका त्यांचं नाव. तिथे बसून त्या तुर्की मालिका बघतात. जुलैतही अंगात लोकरी बंडी. घरात एक खिडकी उघडी असेल तर दुसरी उघडायची नाही, हा त्यांचा कायदा. आरपार वाऱ्याला त्या प्रोमाया म्हणतात. म्हणजे सगळेच म्हणतात, पण त्या नाव घेताना आवाज खाली आणतात. प्रोमायाने मान धरते, दात जातात, मूत्रपिंडं जातात. तिहोमिर हे मानत नाही. तोही दवाखान्याची खिडकी बंदच ठेवतो, ही गोष्ट वेगळी.

पहिल्याच दिवशी पडदा लुकलुकायला लागला. तिहोमिर आला, बघितलं आणि "मूळ सडलंय" म्हणतात त्या सुरात म्हणाला, "ड्रायव्हर."

ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे पडद्यावरची चित्रं हलवणाऱ्या भागाला, चालवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर; तो कॉम्प्युटरने स्वतःच्या मनाने कुठलातरी घातला होता, असं त्याचं निदान. त्याने तो मुळासकट काढला आणि योग्य तो बसवला. मग सेटिंग तपासताना त्याला दिसलं की मेमरी अर्ध्याच वेगाने चालली आहे.

"नवी मेमरी अशीच असते," तो म्हणाला. "पूर्ण वेगाने चाल म्हणून सांगावं लागतं. सांगितल्याशिवाय हलत नाही."

"नगरपालिकेत होती वाटतं आधी," मी म्हटलं.

त्याने सांगितलं, मेमरीने ऐकलं. पडद्यावरचं स्वयंपाकघर लोण्यासारखं फिरलं. तापमानही बघून झालं. "तब्येत उत्तम," कुम म्हणाला. सासूबाईंनी पाहुण्याला देतात तसा चमचाभर मुरंबा, पाण्याचा ग्लास आणि कॉफी दिली. तो गेला.

थोड्या वेळाने स्वयंपाकघर अडकलं. खण उघडायला लागला तो बिसेर्का कपडे वाळत घालून आली तरी उघडतच होता. आत पंखे घोंघावत होते.

तिहोमिरला पुन्हा बोलावलं. त्याच्यासमोर कॉम्प्युटर शहाण्या मुलासारखा वागला. तरी त्याने नवा ड्रायव्हर काढून जुना बसवला. "नवं ते सगळं चांगलंच असतं असं नाही," असं नव्या कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला. तो गेला आणि पुन्हा तेच.

"तो आला की चालतं, गेला की बसतं," बिसेर्का म्हणाली. "त्यानेच काहीतरी वेडंवाकडं जोडलंय. तू त्याला सांग."

"मी? माझी दाढ त्याच्या हातात आहे."

"माझं काम गेलं तरी चालेल, पण तुझी दाढ राहायला हवी."

"दाढही तशीच आहे गं. त्याच्या दारात पोचलो की दुखायची थांबते."

गुरुवारी सकाळी तिने फिल्म तयार करायला लावली, तेव्हा पडद्यावर आलं की काम रविवारी संपेल. तिने ती ओळ वाचली आणि फोन उचलला.

"कोणाला करतेस?"

"दुकानात. विचारून ठेवते. विचारायला काय जातं?"

मी तिच्या हातातून फोन घेतला आणि तिहोमिरला लावला. तो एका पेशंटच्या तोंडात होता. सहायिकेने त्याच्या कानाला फोन धरला असावा.

"तापमान वाच," तो म्हणाला.

मी वाचलं. सत्त्याण्णव अंश, पाणी उकळायला तीनच कमी.

पलीकडे पेशंट घशातून काहीतरी बोलला. तिहोमिर त्याला "गप्प बसा" म्हणाला आणि मला म्हणाला, "कुम, तू कॉम्प्युटर चालवतोयस की कोंबडी भाजतोयस? मागे हात घाल. हवा येते का बाहेर?"

मी हात घातला. हवा नव्हती, उशी होती. हंसाच्या पिसांची, चांगली गुबगुबीत उशी बंडीच्या नाडीने डब्याच्या पाठीला घट्ट बांधलेली होती.

"आई, हे काय?"

"उशी," सासूबाई मालिकेवरून नजर न हलवता म्हणाल्या.

"ती इथे का?"

"माझ्या कमरेवर फुंकतं ते. तुम्हाला काय, तुम्ही पुढे बसता. आणि किती द्वाड! मी उशी लावली तर आणखी जोरात फुंकायला लागलं. मग मी नाडी आवळली."

"मग तिहोमिर येतो तेव्हा?"

"तेव्हा काढते. पाहुणा येणार तर घर आवरायला नको? जमिनीवर उशा बघून काय म्हणेल तो?"

"अगं आई," बिसेर्का म्हणाली, "ती हवा गरम आहे. हात लावून बघ."

"गरम तर जास्त वाईट. आधी घाम येतो, मग वारा धरतो. तुझ्या रातकोकाकाला विचार."

"रातकोकाका गेला, आई."

"मग?"

फोन चालूच होता. "म्हणजे जोडणीत दोष नव्हता," तिहोमिर समाधानाने म्हणाला. ड्रायव्हरचा विषय त्याने काढला नाही, आणि मीही दाढेकडे बघून काढला नाही.

डबा फिरवून बघितला, तर वायर पुरेना. सोफा सरकवायचा विचार मी बोलून दाखवला, तर सासूबाई त्यावर आणखी पक्क्या बसल्या. तिथून टीव्ही बरोबर समोर येतो. मी तापमान, पंखे, हवेचं येणंजाणं समजावायला लागलो, तेव्हा बिसेर्काने मला थांबवलं.

"आई, उद्या दुपारपर्यंत ही फिल्म गेली नाही तर मला दुकानात परत जावं लागेल."

सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. हे आमच्या घरात याआधी घडलेलं नाही.

"त्या खुर्ची झाकणाऱ्याकडे?"

"हो."

त्या उठल्या. माझ्या हातातली उशी घेतली, स्वतःच्या कमरेला मागून लावली, त्याच नाडीने बांधली, वरून बंडी चढवली आणि पुन्हा होत्या तिथेच बसल्या.

"चालू कर तुझं," त्या म्हणाल्या. "पण खिडकी बंद."

शुक्रवारी सकाळी फिल्म तयार होती. बिसेर्काने पाठवली. पुढच्या आठवड्यात उत्तर आलं. त्यात कौतुकाचा एकही शब्द नव्हता, खणाच्या मुठी जरा खाली घ्या एवढंच होतं. सोबत पुढचं काम होतं आणि करारही.

आता ऑक्टोबर लागला आहे. बाहेर पानं गळताहेत. इमारतीची हीटिंग महिन्याच्या मध्यापर्यंत सुरू होत नाही, थंडी कधीही येवो. काल बिसेर्का काम संपवून कॉम्प्युटर बंद करत होती, तर सोफ्यावरून आवाज आला.

"एवढ्यात झालं? आज जास्त नाही का काही?"

"नाही आई. पाठवलं सगळं."

"मग ती जुनी लाव की. ते खण उघडतात ती."

मी बघितलं तर सासूबाईंनी उशी सोडून शेजारी ठेवली होती, आणि सोफा भिंतीपासून चांगला हातभर कॉम्प्युटरकडे सरकला होता.

"आई," मी म्हटलं, "प्रोमाया?"

"प्रोमाया वेगळी, जावई," त्या म्हणाल्या. "ही ऊब आहे."