दिवेलागणीनंतरचा केर

घरी आल्यापासून माझ्या नुसत्या येरझारा चालल्या होत्या. व्हॅक्यूम क्लीनर नुसता बोंबलत होता, सोफ्याखालचा एक केससुद्धा ओढत नव्हता.

"नया ले लेते हैं ना," माझा नवरा विहंग मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला.

"नवा कशाला? आधी याचं पोट तर बघू!" मी झाकण उघडलं. आतली धुळीची पिशवी टम्म फुगली होती. फुगणारच! सकाळी मला श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि कंपू भागातल्या दवाखान्यातून सुटते तेव्हा दिवे लागलेले असतात. सासूबाईंचा नियम असा, की दिवेलागणीनंतर मशीन हवं तर चालव, पण केर घराबाहेर टाकायचा नाही.

मी पिशवी उपसली आणि तरातरा दाराकडे निघाले. सासूबाई वाट अडवून उभ्या राहिल्या.

"आत्ता नाही हं. लक्ष्मी निघून जाते."

"लक्ष्मी रोज सकाळीच निघून जाते, आई. डबा घेऊन. संध्याकाळी परत येते आणि आल्या आल्या केर काढते. सरका बाजूला."