बाभळीतला म्हातारा

“मामा, ती बाभळ बघा. बुंध्यात म्हाताऱ्याचं तोंड हाय. एक दात न्हाई, तरी हसतोय.”

“बघितलं,” ज्योतिबा म्हणाला आणि पुढे चालू लागला.

पाबळच्या वरच्या अंगाला फॉरेस्टची झाडी आहे. सकाळपासून सून धनश्री त्याच्यामागून चालत होती आणि दर दहा पावलांवर तिला झाडात एक तोंड दिसत होतं. कडुनिंबात रुसलेली नवरी, खैरात जीभ काढलेलं माकड. ज्योतिबा प्रत्येकाला हो म्हणत होता आणि मनात म्हणत होता, कुठंतरी पाणी मुरतंय. सात वर्षांत ही कधी त्याच्याबरोबर अळंबी काढायला रानात आली नव्हती. सणसवाडीच्या कंपनीत पॅकिंगला जाते. तिथल्या बाया अळंबी मागतात, असं तीच मागे बोलली होती. आज चक्क रजा टाकून आली. का, तर म्हणे बिबट्या फिरतो, एकटं जाऊ नका. बिबट्या काय हिला बघून पळणार होता? ही तोंडं म्हणजे वाटेच्या खुणा, दुसरं काय!

वारुळावरची अळंबी कुठे उगवते हे ज्योतिबाने सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. मेंढरं गेली, दोन एकर आलं, पण गावात त्याला कधी कोणी काही विचारलं नाही. अळंबीचं मात्र त्यालाच विचारायचे. ज्योतिबाने आणलेली डोळे झाकून खावी, असं म्हणायचे. तेवढाच एक मान होता त्याचा, आणि तो असा सुनेच्या पदरात टाकायला तो काही खुळा नव्हता. तिला चकवायला त्याने मुद्दाम ओढ्याला दोन वळसे घातले.

तरी ती मागे होतीच. नाइलाजाने तो वारुळापाशी बसला आणि भराभरा उपटून पाटीत टाकू लागला. धनश्रीने पाटीत हात घालून तीन-चार छत्र्या बाजूला काढल्या.

“हात लावू नगं!” तो खेकसला. “पन्नास वर्सं काढतोय मी.”

“ह्यांच्या दांड्याला कडं हाय, मामा. कडंवाली घ्यायची न्हाई, तुम्हीच म्हंता ना?”

ज्योतिबाने एक उचलून डोळ्यांजवळ नेली. मग अगदी नाकापाशी. पांढरं काहीतरी होतं. बोटाने चाचपलं, तेव्हा कडं लागलं.

“उनानं दिसंना,” तो म्हणाला.

“आभाळ आलंय, मामा.” ती खाली बघत म्हणाली. “नवरी होती. माकडबी होतं. पन ती बाभळ न्हवती. कुंपनाचा नवा शिमिटाचा खांब होता त्यो.”

ज्योतिबाच्या अंगाची लाही झाली. शाळेतल्या पोरासारखी परीक्षा घेतली होती त्याची! पण राग टिकेना, कारण त्याच्या मागोमाग भीती आली.

“कवापासनं वळखलंस?”

“सरूबाईंना उलट्या झाल्या तवापासनं.”

गेल्या भाद्रपदात शेजारची सरूबाई तीन दिवस शिरूरला दवाखान्यात होती. आदल्या दिवशी ज्योतिबानेच तिला वाटीभर अळंबी दिली होती. शिळंपाकं खाल्लं असेल, असं तोच गावभर सांगत सुटला, आणि लोकांनी त्याचं खरं मानून सरूबाईला हसून घेतलं.

“कुणाला सांगितलंस?”

“कुणालाच न्हाई. घरातबी न्हाई.”

सकाळपासून हिच्याबद्दल काय काय मनात आणलं, याची त्याला लाज वाटली. त्याने पाटी तिच्याकडे सरकवली.

“निवड,” तो म्हणाला.

परतताना ज्योतिबा घराकडे न वळता सरूबाईच्या अंगणात शिरला. ती दारात लसूण सोलत बसली होती.

“घावली का औंदा अळंबी, भावजी?” ती म्हणाली. “मला मातुर नगं बरं का. माझंच पोट मेलं हलकं.”

ज्योतिबाने पायातल्या वहाणा काढल्या.

“सरूबाई, तुझं पोट हलकं न्हवतं,” तो म्हणाला. “माझी नजर गेलीय. मीच तुला विखारी दिली, आन् वर तुलाच नावं ठेवली.”

सरूबाईचा हात थांबला. तिने बस म्हटलं नाही, आणि ज्योतिबा तसाच अनवाणी अंगणात उभा राहिला.