डोमाजींचा मोतीबिंदू आणि सुनेचा पदर

सकाळी राजेगावच्या रस्त्यावरून गोंदियाची पहिली मोटार गेली की डोमाजी खाटेवर उठून बसत. उजव्या हाताला तांब्या, डाव्या हाताला काठी. त्यांचे तोंड धुऊन होईतो आत फुंकणीचा आवाज होई, मग ओल्या लाकडांना सुनेची शिवी, मग चहा. आनंदी त्यांच्या हातात पेला देई आणि लगेच पायथ्याकडे खाटेची दोरी करकरे. सून सासऱ्याच्या खाटेवर बसली, हे डोमाजींना त्यावरून कळे. तिच्या डोक्यावर पदर नसतो, हेही त्यांनी ताडले होते. तिचा आवाज कापडातून गाळून येत नसे. मात्र याबद्दल ते चकार शब्द काढत नसत.

त्या घरची रीत अशी, की सुनेने सासऱ्यासमोर तोंड झाकावे, जमिनीवर बसावे आणि बोलायचेच झाले तर भिंतीशी बोलावे. आनंदीने ती रीत मन लावून पाळली होती. पुढे डोमाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. नजर जसजशी धुरकटली तसतसा पदर मागे सरकत गेला, आणि बायकोमागे एकट्या पडलेल्या डोमाजींना गप्पांना माणूस मिळाले.

"मामाजी, शेजारच्या तुळसाबाईची म्हैस रात्री खुंटा उपटून पळाली जी," ती सांगे. "तिच्या मालकाले म्हशीचं काही नाही, खुंट्याचंच दुःख हाय."

"काहून?"

"खुंटा सासऱ्यानं देल्ला होता."

ती म्हैस संध्याकाळी परतली ती नेमकी डोमाजींच्या दारात. लांजीचे व्याही येणार होते. दारातला काळा, रुंद आकार पाहून डोमाजींनी हात जोडले, बिडी पुढे केली, धानाची चौकशी केली. उत्तर मिळेना तेव्हा ते रागावले. म्हशीने शेपटी फिरवली ती त्यांच्या कानावर बसली.

"बाबा, आता बालाघाटले चला," मुलगा भोजराज म्हणाला. "डोळ्याइचं शिबिर लागून राह्यलं."

शिबिरातल्या डॉक्टरांनी समजावून सांगितले, "बुबुळाच्या आत एक पारदर्शक भिंग असतं. वयानं तुमचं पेजेसारखं गढूळ झालंय. ते काढून टाकू. मग त्याचं काम बाहेरून जाड चष्मा करील."

"दुखन का जी?"

"डोळा बधिर करू. पण नंतर डोकं हलवायचं नाही, खोकायचं नाही, वाकायचं नाही, हसायचंही नाही. टाके ताजे असतात."

एका डोळ्याचे काम झाले. दुसऱ्याचे पुढच्या हिवाळ्यात ठरले. पट्टी मात्र दोन्हींवर बसली. डोमाजींनी खोकला आवरला. हसू आवरणे अवघड गेले, कारण शेजारच्या खाटेवर हट्ट्याचा पुनाराम होता.

"डोमाजी, डोक्याच्या दोहीकडून रेतीच्या थैल्या लावल्या," पट्टीखालून तो म्हणाला. "आता पूर आला तरी मुंडकं वाहून जात नाही."

डोमाजींनी ओठ दातांत धरला आणि स्वर्गवासी आत्याचे स्मरण केले.

घरी आल्यावर डोळ्यावर हिरवी झापड होती. भोजराज औषधाचे थेंब घाली, डोक्यावरून पाणी घेऊ देत नसे. झापड निघाली तरी माणसे पाण्यात बुडवल्यासारखी दिसत. आनंदी निर्धास्त होती. जखम पुरती भरली तेव्हा डोमाजी बालाघाटला जाऊन चष्मा घेऊन आले.

मोटारीतून उतरले तर कोंबडा बकरीएवढा. नाली ओलांडायला त्यांनी नदी ओलांडावी एवढी टांग टाकली. अंगणाशी पोचले आणि थबकले. आनंदी डोक्यावर त्यांचे पगोटे घालून, मान वाकडी करून म्हशीसमोर वाकली होती. "या व्याही, बिडी घ्या. औंदा धान कसं हाय?" तुळसाबाई पोट धरून बसली होती. नक्कल हुबेहूब होती. पगोटेही त्यांच्यापेक्षा तिलाच शोभत होते. टाक्यांच्या दिवसांतल्या सवयीने डोमाजींनी हसू गिळले.

"आले का मामाजी? तुमचीच गोठ चालू होती," आनंदी सहज म्हणाली. मग तिला चष्मा दिसला. भिंगामागे संत्र्याएवढा एक डोळा तिच्याकडे पाहत होता. तिने पदर ओढला तो पगोट्यावरूनच, आणि त्या तंबूसकट आत पळाली.

दुसऱ्या दिवसापासून चहा जमिनीवर ठेवला जाऊ लागला.

"भिंती, मामाजीइले सांग, चहा झाला."

"भिंती, तिले विचार, तुळसाबाईकडचं काय नवं?"

"भिंत म्हणते, काही नाही."

डोमाजींना चिंचेचे पानन्‌पान दिसत होते. गावात काय चालले आहे ते मात्र कळेनासे झाले. अखेर ते म्हणाले, "बेटी, पदर राहू दे. मी काही म्हणत नाही."

"भिंती, मामाजी नाही म्हणत, पण तुळसाबाई म्हणन. तिनं चष्मा पाह्यला ना."

हे खरेच होते. हुकमाने पदर सरकत नव्हता. दिसणाऱ्या सासऱ्यासमोर सून बोलू शकत नव्हती, आणि डोमाजींना तिचे बोलणे हवे होते.

त्या दुपारी भोजराज जेवत असताना ते ओसरीवरून मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "हा चष्मा बाहेर बेस चालते. घरातल्या अंधारात कामाचा नाही."

"डॉक्टरले दाखवू का?"

"काही नको. डोळ्याले रस्ता दिसते, तेवढं लय झालं."

चुलीपुढे तव्यावरचा हात थांबला. तुळसाबाईनेही कुंपणापलीकडून ऐकले.

संध्याकाळी बांधावरून परतल्यावर डोमाजींनी ओसरीवर चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, डबीत घालून कोनाड्यात छत्रीशेजारी ठेवला. सगळे धूसर झाले. मग चौकट चाचपत ते आत गेले.