दोनशे बारा पानं

जयमालानं लॅपटॉप बन्सीमामांच्या पुढ्यात फिरवला आणि दोन फोटो शेजारी शेजारी लावले.

“बघा बरं. ही उसाची दोन पानं वेगळी आहेत, की एकच?”

मामांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. दोन्ही पानांवर तांबेरा रोगाचे विटकरी ठिपके होते. एकाचा शेंडा वर, दुसऱ्याचा खाली. कडेला मात्र दोन्हींना एकाच आकाराची चीर.

“एकच हाय की. उलटं धरून काढलंय.”

तिनं पुढची जोडी लावली. मग त्यापुढची. उंबऱ्याशी शेंगा निवडणाऱ्या मामींचे हात थांबले.

“अशी दोनशे बारा आहेत, मामा.”

नऊ वर्षांपूर्वी कोपरगावच्या शिवारात हे फोटो मामांनीच काढले होते. तेव्हा ते साखर कारखान्यात स्लिपबॉय होते. उसाच्या नोंदी घेत बांधाबांधानं फिरायचे. त्या फोटोंवरून संगणकाला तांबेरा ओळखायला शिकवणारा जयमालाचा शोधनिबंध छापून आला आणि तिचं नाव झालं. चारशे अडतीस संशोधकांनी आपापल्या लेखनात त्याचा दाखला दिला होता. तिच्या बाकीच्या सगळ्या निबंधांचे दाखले मिळून शंभरही भरत नव्हते. सोमवारी कॉलेजात प्रोफेसरपदाची मुलाखत होती, आणि आज शनिवार. गुरुवारी नांदेडहून धनश्री नावाच्या एम.टेक.च्या मुलीची मेल आली होती. ‘मॅडम, शिकवायला वापरलेली काही पानं परीक्षेच्या फोटोंतही दिसतात. माझं काही चुकतंय का?’

तिचं काही चुकत नव्हतं.

“म्हणजे पेपर आधीच फुटला होता,” जयमाला म्हणाली. “ज्या पानांवर मशीन शिकलं, त्याच पानांवर आम्ही त्याची परीक्षा घेतली. शंभरात अठ्ठ्याण्णव पडणारच!” तिचा आवाज चढला. “मी तुम्हाला बजावलं होतं, एक पान एकदाच.”

मामा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिले.

“त्या साली रोग कमी हुता,” ते हळूच म्हणाले. “तुला दोन हजार फोटू पायजे हुते. मी फोन केल्ता तुला.”

“कधी?”

“दिवाळीच्या मागं. म्हनलं, जयू, पानं पुरंनात, काही डबल झालीत. येगळी काढून ठिवू का?”

“मग?”

मामांनी मामींकडं पाहिलं.

“तू घाईत हुतीस. म्हनलीस, असू द्या मामा, मशिनला काय कळतंय.”

तिला तो फोन आठवेना. पण ‘असू द्या’ हे ती अजूनही त्याच सुरात म्हणायची. तिनं लॅपटॉप मिटला.

तिला सोडायला मामा स्टँडपर्यंत आले. एसटी लागल्यावर खिडकीखाली येऊन उभे राहिले.

“सोमवारी इचारलं तर माझं नाव सांग. म्हन, म्हातारा मानूस, चुकला. मला आता कोन काय करनार हाय?”

ती ‘नको’ म्हणाली नाही. गाडी निघाली.

रविवारी दुपारी विभागप्रमुख कल्याण सरांचा फोन आला. धनश्रीची मेल तिनं शुक्रवारीच त्यांना दाखवली होती.

“मॅडम, त्या मुलीला उत्तर दिलंत?”

“नाही अजून.”

“देऊ नका. मुलाखत होऊ द्या, मग आरामात शुद्धिपत्रक काढू. मुद्दाम कुणी केलंय का?”

“बघते, सर,” ती म्हणाली. फोन ठेवल्यावरही सावेडीतल्या फ्लॅटच्या गॅलरीत ती कठडा धरून उभी राहिली.

सोमवारी समितीत तिघे होते. मधल्या वयस्कर तज्ज्ञांनी तिच्या निबंधांची यादी पुढं ओढली आणि पहिल्याच ओळीवर बोट टेकवलं.

“चारशे अडतीस! मी स्वतः याचा दाखला दिलाय. इतके फोटो जमवले कुणी?”

“माझ्या मामांनी.”

“ते या क्षेत्रातले?”

“नाही. कारखान्यात होते.” ‘मामा चुकले’ एवढं एकच वाक्य पुरलं असतं, आणि त्या वाक्याला मामांची परवानगीही होती. “सर, त्यातली दोनशे बारा पानं दोन्हीकडं आली आहेत. निकाल खरा नाही. मामांनी ते मला तेव्हाच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.”

कुणीतरी कागद सारखे केले.

“हे आजच सांगायची गरज होती का?” तज्ज्ञांनी विचारलं.

“उद्या चारशे एकोणचाळीस होतील, सर.”

बाहेर व्हरांड्यात उभं राहून तिनं धनश्रीला उत्तर लिहिलं. दोनच ओळी.

तिची निवड झाली नाही. नियतकालिकानं निबंध मागं घेतल्याची सूचना लावली. तरी महिन्याभरात आणखी तिघांनी त्याचा दाखला दिला. कल्याण सर समोरून आले की घड्याळ बघायला लागले. मामांना तिनं फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, “माझं नाव घेतलं का?”

“घेतलं.”

“मग ये हिकडं. परत काढू फोटू,” ते म्हणाले.

डिसेंबरातल्या एका सकाळी ती पुन्हा कोपरगावला गेली. उसात दव होतं. मामा पुढं, ती मागं. ठिपक्यांचं एक पान मामांनी दोन बोटांनी ताणून धरलं. तिनं फोटो काढला, आकडा वहीत लिहिला.

“आला का नीट?”

“आला.”

मामांनी ते पान मधोमध टरकावलं, तुकडे पिशवीत टाकले आणि पुढच्या सरीत शिरले.