जळलेल्या उताराची मोजणी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी चौकट आहे. खिडकीची समजाल तर सपशेल चुकाल. माझी प्रत्येक बाजू बरोबर एक मीटर भरते. दाराच्या उरलेल्या पट्ट्या जोडून सुताराने मला केले आणि तो म्हणाला, "डोळे झाकून मोजा." ते शब्द मी आजही मिरवते.

डोंगरउतारावरचे जंगल कुणीतरी टाकलेल्या जळत्या काडीने भस्मसात झाले. तेव्हापासून वनरक्षक ताई मला तिथे नेऊ लागल्या. ठरलेल्या दहा जागी मला जमिनीवर ठेवायचे आणि माझ्या आत उगवलेली झाडांची रोपे मोजायची, हे आमचे काम. तीन वर्षांत रोपे दिसली नाहीत, तर उतार नांगरून एकाच जातीची झाडे लावायची, असे मोठ्या साहेबांनी ठरवले होते. ताईंचा जीव मात्र त्या जुन्या जंगलात अडकला होता.

ताई कामात चोख. मोजणी स्वच्छ व्हावी म्हणून त्या माझ्या आतले गवत आणि काटेरी झुडपे मुळासकट उपटायच्या. मलाही ते आवडायचे, कारण मी कशी नीटनेटकी दिसायची! रोपे मात्र पहिल्या वर्षी शून्य, दुसऱ्या वर्षीही शून्य. मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे.

तिसऱ्या वर्षी साहेब स्वतः आले. नवव्या जागीही शून्यच निघाले. जवळच गवत कापणाऱ्या मावशी न राहवून म्हणाल्या, "ताई, बाळाचं पांघरूण तुम्ही सारखं ओढून काढता, मग ते उन्हात टिकणार कसं? चौकट जरा त्या काट्यांत टाका की."

ताईंनी मला दोन पावले सरकवून काटेरी जाळीखाली खुपसले. मला चांगलेच ओरखडे बसले. साहेब गुडघे टेकून वाकले आणि मोजू लागले. अकरा रोपे निघाली! शेजारच्या जळक्या बुंध्यालाही फुटवे आले होते.

"ही कुणी लावली?" साहेबांनी विचारले.

"कुणीच नाही, साहेब," ताई खाली मान घालून म्हणाल्या. "साफसफाई करून मीच त्यांच्या आड येत होते."

साहेबांनी काटेरी फांद्या हळूच पुन्हा रोपांवर सारल्या. मग म्हणाले, "नांगर राहू द्या."

मित्रांनो, जंगलाची काळजी जरूर घ्या. आग लावू नका, पण ते सावरत असेल तर उगाच हात घालू नका. या गोष्टीला आता कैक वर्षे झाली, माझे सांधेही खिळखिळे झालेत. तरी परवा ताईंनी हौसेने मला पुन्हा उतारावर नेले. दहाही जागी मला टेकवून पाहिले, पण प्रत्येक ठिकाणी झाडांची खोडे आडवी आली.